निळ्या जिभेची सापसुरळी आणि तिचा सांभाळ

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर सप्टेंबर महिन्यात वसंत ऋतूस आरंभ होतो. त्या सुमारास सिडनीच्या उपनगरात राहणारा एखादा गृहस्थ थंडीत रचून ठेवलेली लाकडे उचलावयास परसात जातो. दोनचार ओंडके बाजूला सारतो न सारतो तोच खालून मोठा फुत्कार ऐकू येतो. हातभर लांबीचा, जाडजूड अंगाचा, आखूड पायांचा एक प्राणी अंग फुगवून त्याच्याकडे तोंड वळवतो, गुलाबी जबडा विस्फारतो आणि त्यातून रुंद, मांसल, गर्द निळी जीभ बाहेर काढतो. पाहुणा नवखा असेल तर तो दचकून मागे सरतो. जुना रहिवासी मात्र ओंडका होता तसा ठेवून देतो. कारण हा प्राणी विषारी नाही आणि बागेतल्या गोगलगाई फस्त करणारा तो आपला मित्र आहे, हे त्याला ठाऊक असते.

हाच प्राणी पाळण्याचा छंद आज ऑस्ट्रेलियाबरोबरच युरोप व अमेरिकेतही पुष्कळ पसरला आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये इतका शांत, इतका लवकर माणसाळणारा प्राणी विरळाच, असे त्याचे पालक सांगतात. ते बहुतांशी खरेही आहे. परंतु ज्या निळ्या जिभेच्या कौतुकाने लोक त्याला घरी आणतात, तिचा अर्थ काय, हे समजून घेतल्यावाचून त्याचा सांभाळ नीट होणार नाही. म्हणून प्रथम जिभेविषयी, आणि मग पेटीविषयी लिहावयाचे योजले आहे.

नावाबद्दल दोन शब्द लिहिणे येथे अवश्य आहे. इंग्रजीत ज्या कुळास ‘स्किंक’ म्हणतात त्यातील प्राणी आपल्या अंगणातही असतात. गुळगुळीत, चकाकत्या खवल्यांची, पाचोळ्यातून सळसळत जाणारी सापसुरळी कोणी पाहिली नाही? काही ठिकाणी तिला ‘सापाची मावशी’ म्हणतात, हिंदी मुलखातही तिचे नाव तेच आहे, आणि या नात्यामुळेच की काय, तिच्या दंशाने माणूस मरतो अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी तर सापसुरळी दिसली की मुलांना घरात ओढून घेत असत. वस्तुतः तिला विष मुळीच नसते. ऑस्ट्रेलियातील हा प्राणी त्याच कुळातला असल्यामुळे त्याला ‘निळ्या जिभेची सापसुरळी’ असेच म्हणणे आम्हांस योग्य वाटले.

शास्त्रज्ञ या प्रजातीस ‘टिलिक्वा’ म्हणतात. तीत मोजक्याच जाती असून त्या ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियाची काही बेटे एवढ्याच प्रदेशात आढळतात. पाश्चात्त्य शास्त्राला तिची ओळख जॉन व्हाइट या शल्यवैद्याच्या १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथातून झाली. व्हाइट हा न्यू साउथ वेल्समध्ये वसाहत करावयास गेलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबर होता. मोठ्या जातींची लांबी शेपटीसह ६० सेंटिमीटरपर्यंत जाते. डोके त्रिकोणी व मोठे, धड लांबट व चपटे, पाय मात्र इतके लहान की ती चालताना पोटावर घसरतच जाते असे वाटावे. तिला वेगाने पळता येत नाही. झाडावर चढण्याचीही तिला फारशी सवय नाही. मग साप, घोरपडीचे ऑस्ट्रेलियातील भाऊबंद आणि शिकारी पक्षी यांच्यापासून तिने जीव वाचवावा कसा?

जिभेचे काम

या प्रश्नाचे उत्तर सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांनी शोधले आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांनी उत्तर ऑस्ट्रेलियातील उपजातीच्या सापसुरळ्यांपुढे साप, पक्षी, घोरपड व कोल्हा यांच्या प्रतिकृती नेऊन हल्ल्याचा आभास निर्माण केला व जिभेचा रंग यंत्राने मोजला. तेव्हा असे दिसून आले की जीभ केवळ निळी नसून जंबुपार किरणही परावर्तित करते. हल्लीच्या पुस्तकांत या किरणांना अतिनील म्हणतात. ते माणसाला दिसत नाहीत. पक्ष्यांना व अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांना दिसतात. जिभेचा मागचा भाग टोकापेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी असतो आणि हाच भाग सापसुरळी अखेरपर्यंत झाकून ठेवते. शत्रू दूर असताना ती निश्चल राहते, रंगामुळे पाचोळ्यात मिसळून जाते. शत्रू अगदी अंगावर आला, दुसरा उपाय उरला नाही, म्हणजे एकदम सगळी जीभ पसरते. झडप घालणारा पक्षी त्या अनपेक्षित झळाळीने क्षणभर बिचकतो, आणि तेवढ्या क्षणात ती सुटते.

दैनंदिन व्यवहारात सापसुरळी जिभेचे टोक वारंवार बाहेर काढून हवेतील व जमिनीवरील वास टिपत असते. तिचे ते नाकच म्हणा ना. त्यात भीतीचा लवलेश नसतो. परंतु जबडा वासून, फुत्कारत, सबंध जीभ दाखवणे ही वेगळी गोष्ट होय. तो शेवटचा उपाय आहे. तेव्हा पाहुण्यांना जीभ दाखवावी म्हणून जो पालक तिला डिवचतो, तो दर वेळी तिला आपण आता मारले जाणार असे भासवत असतो. ज्या घरी ही सापसुरळी खरोखर सुखात असते, तेथे पसरलेली निळी जीभ वर्ष वर्ष दृष्टीस पडत नाही. छायाचित्रे पाहून तिला विकत घेणाऱ्यांची यामुळे थोडी निराशा होते खरी.

पेटीतले ऊन

सापसुरळीस ‘थंड रक्ताची’ म्हणण्याची पद्धत आहे. ती दिशाभूल करणारी आहे. उन्हात बसलेल्या सापसुरळीचे रक्त आपल्या रक्ताइतकेच उबदार असू शकते. भेद इतकाच की आपण उष्णता अन्नातून आत निर्माण करतो आणि ती बाहेरून घेते. सकाळी ती उन्हात येऊन अंग चपटे करून पसरते, तापली म्हणजे गोगलगाईच्या शोधात निघते, अधिक तापली म्हणजे सावलीत शिरते. दिवसभर तिचे हे जाणेयेणे चालू असते आणि तिची भूक, पचन व रोगाशी झगडण्याची शक्ती या सर्वांचा आधार तेच आहे. पेटीत ठेवल्याबरोबर हा आधार तुटतो. तेथे सूर्य उगवावयाचा तो पालकाच्या हातून.

यासाठी प्रौढ सापसुरळीस निदान १२० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद पेटी लागते. लांबीचा आग्रह तिला हिंडावयास मिळावे एवढ्यासाठीच नाही, तर एक टोक ऊन आणि दुसरे थंड राखता यावे यासाठी आहे. एका टोकास वरून दिवा लावून त्याखालच्या दगडाचे तापमान ३८ ते ४० अंश सेल्सिअस ठेवतात. दुसऱ्या टोकास ते २५ अंशांच्या आसपास असावे. रात्री दिवा मालवतात, कारण रानातही रात्र थंडच असते. लहान पेटीत सगळीकडे सारखेच तापते आणि बिचाऱ्या प्राण्याला निवड उरत नाही. अशा पेटीतील सापसुरळी हालचाल करीत नाही, आणि पालक समजतो की ती स्वभावानेच शांत आहे! तापमान अंदाजाने न ठरवता दोन्ही टोकांस तापमापक लावावा आणि दिव्यास तापनियंत्रक जोडावा. विजेने तापणारे कृत्रिम दगड विकत मिळतात. त्यांवर बसून पोट भाजल्याची उदाहरणे आहेत, म्हणून ते टाळलेले बरे.

उष्णतेइतकेच महत्त्व जंबुपार किरणांचे आहे. त्यांतील एका पट्ट्याच्या योगाने त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते व त्याच्या साहाय्याने अन्नातील कॅल्शियम हाडांत उतरते. हे किरण न मिळाल्यास लहान मुलांना मुडदूस होतो तसाच रोग सापसुरळीस होतो. जबडा मऊ पडतो, पाठीचा कणा वाकतो, पाय थरथरतात. वाकलेली हाडे पुढे उपचारानेही सहसा सरळ होत नाहीत. पुष्कळ लोक पेटी खिडकीपाशी ठेवून निर्धास्त होतात. परंतु खिडकीची काच हे उपयोगी किरण जवळजवळ सगळे अडवते, आणि काचेच्या पेटीवर थेट ऊन पडले तर आतला प्राणी तासाभरात उष्माघाताने मरू शकतो. याकरिता खास नळ्या मिळतात. त्यांचा उजेड दिसत राहिला तरी उपयोगी किरण कालांतराने मंदावतात, म्हणून त्या ठरावीक मुदतीने बदलाव्या लागतात.

हवेतील ओलाव्याविषयी एकच नियम सर्वांना लागू करता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष भागांतील जातींना कोरडी हवा मानवते. न्यू गिनीच्या पावसाळी रानांतील जातींना ती सोसत नाही, त्यांची कात नीट सुटत नाही. बोटांवर राहिलेल्या जुन्या कातीचे कडे आवळत जाऊन बोट झडते, हे अनेक पालकांच्या ध्यानात फार उशिरा येते. म्हणून आपला प्राणी नेमका कोठला, हे घेण्यापूर्वीच विचारावे. विकणारास ते सांगता येत नसेल तर तो प्राणी घेऊ नये.

अन्न

खाण्याच्या बाबतीत ती चोखंदळ नाही, आणि हीच पालकाची अडचण आहे. रानात ती गोगलगाई, भुंगेरे, फुले, फळे, कोवळा पाला, मेलेल्या प्राण्याचे मांस, काय सापडेल ते खाते. तिचे मागचे दात बोथट व जबडा बळकट असल्यामुळे गोगलगाईचा शंख ती सुपारीसारखा फोडते. पेटीतही तिला मिश्र अन्नच हवे. सुमारे अर्धा भाग मांस, अंडे, किडे यांचा आणि उरलेल्यात बराचसा पालेभाज्यांचा व थोडासा फळांचा, असे प्रमाण सामान्यतः ठेवतात. कुत्र्यासाठी मिळणारे चांगल्या प्रतीचे डबाबंद अन्नही मांसाच्या जागी पुष्कळ जण वापरतात. वरून कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी. कांदा, लसूण व अव्होकाडो ही वर्ज्य होत. बागेतल्या गोगलगाई पकडून घालणेही धोक्याचे, कारण त्यांनी विषारी औषध खाल्लेले असू शकते.

प्रौढ सापसुरळीस आठवड्यातून दोनदा खाणे पुरे होते. परंतु पेटीच्या काचेपाशी येऊन ती मान वर करते, आणि पालकाला दया येते. पाळलेल्या सापसुरळ्यांत लठ्ठपणा फार आढळतो तो या दयेमुळेच.

मिळेल ते खाण्याच्या या सवयीने रानातील तिच्या भाऊबंदांवर केवढा प्रसंग आणला, ते सांगण्यासारखे आहे. उसावरील भुंगेऱ्यांचा नाश व्हावा म्हणून १९३५ मध्ये हवाई बेटांवरून ‘केन टोड’ नावाचे मोठे भेक क्वीन्सलँडमध्ये आणून सोडण्यात आले. भुंगेऱ्यांचे काही बिघडले नाही; भेक मात्र उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरले. त्यांच्या कातडीतील विष हृदयक्रिया बंद पाडते. भेक कधी पाहिलाच नसल्यामुळे तेथील सापसुरळ्या तो खाऊन मरू लागल्या आणि काही भागांत त्यांची संख्या झपाट्याने घटली. आश्चर्य असे की पूर्व ऑस्ट्रेलियात भेक अजून पोहोचलेही नव्हते अशा काही ठिकाणच्या सापसुरळ्यांना या विषाची बाधा कमी होते असे आढळले. संशोधकांनी याचे कारण एका वनस्पतीत शोधले. मादागास्करहून शोभेसाठी आणलेली व पुढे रान माजवलेली ही वनस्पती आपल्या पानफुटीच्या गोत्रातली आहे, आणि तिच्या अंगातील विष भेकाच्या विषाच्याच वर्गातले आहे. ती खाऊन खाऊन काही पिढ्यांत तेथील सापसुरळ्यांत सोसण्याची शक्ती आली असावी, असा त्यांचा तर्क आहे. उत्तरेकडे सापसुरळ्यांना भेकाच्या मांसासोबत मळमळ आणणारे औषध चारून पाहिले, तेव्हा त्यांतील कित्येकींनी पुढे भेकाचा नाद सोडला. पाळणाऱ्याने यातून एवढे ध्यानात घ्यावे की पेटीत शोभेची झाडे ठेवताना, आणि विशेषतः पानफुटीच्या गोत्रातली, फार जपावे.

हाताळणे व आयुष्य

नवी आणलेली सापसुरळी दोन आठवडे तरी हातात घेऊ नये. नंतरही हात वरून आणू नये; वरून येणारी सावली म्हणजे तिच्या लेखी झडप घालणारा पक्षी होय. बाजूने हात नेऊन सबंध धडास आधार द्यावा. अशा रीतीने वागवल्यास ती काही महिन्यांत हाताला सरावते, मांडीवर निवांत पडून राहते. याला प्रेम म्हणावे काय? आमच्या मते हात उबदार असतो आणि त्यापासून भय नाही हे तिला कळलेले असते. तेवढे कमी नाही. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर सॅल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांना तिच्यापासून दूरच ठेवणे इष्ट.

एका पेटीत दोन ठेवल्यास सोबत होईल ही कल्पना माणसाची आहे. या बहुतेक जाती एकट्या राहणाऱ्या असून एकत्र ठेवल्यास चावून बोटे व शेपटी तोडतात. अपवाद आहे तो खवले उठावदार असलेल्या, डोक्यासारखीच शेपटी असलेल्या जातीचा. फ्लिंडर्स विद्यापीठातील मायकेल बुल यांनी १९८२ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियात या जातीचा अभ्यास केला. नर व मादी दर वसंतात एकमेकांना शोधून काढतात आणि काही जोडपी वीस वर्षांहून अधिक काळ टिकतात, असे त्यांना दिसले.

ही सापसुरळी अंडी घालत नाही, पिलांना जन्म देते. पूर्वेकडील जातीची मादी एका वेळी कधी पंचवीसपर्यंत पिले देते. ती जन्मतःच सुमारे १३ सेंटिमीटर लांब असतात आणि काही दिवसांतच आपापल्या वाटेने निघून जातात. नीट सांभाळल्यास वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतात. दहा वर्षांच्या मुलाने हट्टाने आणलेला प्राणी तो शिकून नोकरीला लागेपर्यंत घरात असणार, आणि मध्यंतरी त्याच्या पेटीतला दिवा रोज कोणी लावावा हा प्रश्न बहुधा आईच्याच वाट्याला येतो. आणण्यापूर्वी घरात हे बोलणे व्हावे.

पाळावी कोणी?

ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी सरपटणाऱ्या प्राण्यांची जिवंत व्यापारी निर्यात बंद केली आहे आणि तेथील बहुतेक राज्यांत घरी पाळण्यासही परवाना लागतो. तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाही. जिवंत सापसुरळ्या मोज्यांत बांधून टपालाने परदेशी पाठवण्याचे प्रकार तेथे पुनःपुन्हा उघडकीस आले आहेत. अशा पार्सलांत काही प्राणी वाटेतच गुदमरतात. न्यू गिनीकडून येणारे प्राणीही पुष्कळदा रानातून धरलेले, जंतांनी ग्रासलेले असतात. भारतात परदेशी जिवंत प्राणी आणावयाचा तर आयातीचा परवाना व पशुसंगरोधाची तपासणी लागते, आणि आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातील यादीत असलेल्या प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याने सक्तीची केली आहे. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य आपल्या शहरांत थोडेच. या सर्वांचा विचार करता, पेटीत जन्मलेल्या प्राण्याचे कागदपत्र आणि जवळपास असा पशुवैद्य, या दोन गोष्टी असल्यावाचून आपल्याकडे कोणी या भानगडीत पडू नये, असे आम्हांस स्पष्टपणे वाटते.

रानातील स्थितीही सर्व जातींची सारखी नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील सर्वांत लहान जात १९५९ नंतर कोणास दिसलीच नाही व ती नष्ट झाली असेच समजत होते. १९९२ मध्ये बरा गावाजवळ रस्त्यावर मेलेल्या एका तपकिरी सापाचे पोट तपासले असता त्यात ती सापडली. शोध घेता आसपासच्या गवताळ माळावर ती जिवंत मिळाली. कोळ्यांनी खणलेल्या उभ्या बिळांत ती राहते, बिळाच्या तोंडाशी बसून जवळून जाणारा किडा टिपते आणि पुन्हा आत सरकते. माळ नांगरला की बिळे जातात, आणि बिळांबरोबर तीही जाते. अशा जातीची जागा पेटीत नव्हे.

आणि पेटीवाचूनही सांभाळ करता येतो. सिडनी किंवा मेलबर्नच्या परसात अनेक कुटुंबे तो करतात. बागेच्या कडेला दगड व लाकडांचा एक ढीग तसाच राहू देतात. गोगलगाईंसाठी विषाच्या गोळ्या टाकत नाहीत, कारण विष खाल्लेली गोगलगाय खाऊन सापसुरळीही मरते. गवत कापण्यापूर्वी काठीने ते हलवून पाहतात. कुत्रे सकाळच्या उन्हाच्या वेळी बांधून ठेवतात. एवढे केले की ती त्याच ढिगाऱ्यात वर्षानुवर्षे राहते. थंडीत दिसेनाशी होते, आणि सप्टेंबरात पहिले कडक ऊन पडले की दगडावर अंग चपटे करून पसरलेली पुन्हा दिसते.